खुराड्याचा स्लॅब

आमच्या घरावर पत्रा होता आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर स्लॅब. हे सांगितलं की बाहेरगावचा माणूस विचारतो, "का?" कोल्हापूरचा माणूस विचारतो, "किती इंची?"

चार इंची. सळी आठ एमेमची, उभी-आडवी बांधलेली, आणि खाली दोन फूट पाया. घरामागच्या परड्यातल्या झाडाचे पेरू काढायला आम्हाला शिडी लागत नाही, खुराड्यावर चढलं की हात पोचतो. एकदा माझे वडील आणि त्यांचे दोन दोस्त एकदम त्यावर उभे राहिले होते. तरुणपणी तालमीत खाल्लेलं तिघांनीही अंगावर नीट जपून ठेवलेलं होतं, तरी स्लॅबला चीर गेली नाही. हे खुराडं कसं झालं ते सांगायचं तर आत्यापासून सुरुवात करायला हवी, कारण ते तिच्यासाठी होतं. कोंबड्यांचा त्यात तसा फारसा संबंध नव्हता.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात पूर आला तेव्हा आत्या कुरुंदवाडला एकटी राहत होती. ती अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. अण्णा तिला आक्का म्हणायचे. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि दिराच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत तिचा संसार होता. कुरुंदवाडच्या माणसाला पाण्याची सवय असते. पाणी यायचं, दारात चौकशी करायचं आणि परत जायचं. त्या साली ते आत आलं आणि मुक्कामालाच राहिलं. माणसं काढायला बोट आली तेव्हा आत्यानं एक बोचकं घेतलं आणि एक डालगं. डालगं म्हणजे कोंबड्या झाकून ठेवायची बांबूची टोपली. तिनं ती उलटी करून आत एक कोंबडा आणि चार कोंबड्या घातल्या होत्या आणि वरून जुनेर बांधलं होतं. बोटवाला म्हणाला, "मावशी, आधी माणसं." आत्या म्हणाली, "मग मी ऱ्हाते, ह्यास्नी न्या." शेवटी सगळेच आले.

रस्ता सुटल्यावर अण्णा फौंड्रीचा टेम्पो घेऊन गेले आणि पूरग्रस्तांना ठेवलेल्या शाळेतून तिला घेऊन आले. आमचं घर उद्यमनगरच्या पलीकडं, अडीच खोल्यांचं. त्यातली अर्धी खोली माझी होती. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि त्या वयात माणूस जसं सगळ्या जगावर चिडलेलं असतं तशी चिडलेली होते. ती अर्धी खोली आत्याला दिली आणि माझी पथारी सैपाकघरात, गॅसची टाकी आणि पिठाचा डबा यांच्या मध्ये आली. कोंबड्यांना न्हाणी मिळाली. अंघोळीला जायचं तर आधी डालगं बाहेर काढायचं, अंघोळ झाली की परत आत. घरातल्या सगळ्यांनी हे मुकाट्यानं केलं. कोंबडा मात्र मुकाट राहायच्या जातीतला नव्हता. पहाटे न्हाणीच्या पत्र्याखाली तो आरवला की आवाज आधी माझ्या पथारीवर यायचा आणि मग गल्लीत जायचा.

कोल्हापुरात दारात गावठी कोंबड्या आहेत म्हणजे त्यांचे दिवस भरलेले, असं कुणीही समजेल. पण यांचं नशीब असं की आल्या आल्या श्रावण लागला. श्रावण संपतो तोवर गणपती बसले. मग नवरात्र. इतके दिवस कोंबड्यांना देवांनी राखलं आणि त्या न्हाणीत माजल्या. दसरा उलटला आणि त्यांच्या पाठीशी कोण उरलं नाही.

आता आत्याबद्दल. आमच्या घरात माया आवाजावरून ओळखतात. आईनं मीठ मागितलं तरी शेजारच्यांना वाटतं, लागली यांची. अण्णा आयुष्यभर भट्टीच्या आवाजात काम केलेले, त्यांना हळू बोलणं म्हणजे काहीतरी लपवणं वाटायचं. आणि लहानपणी मी सुट्टीत कुरुंदवाडला जायचे तेव्हा ह्या आत्याचा आवाज मला घाटावर ऐकू यायचा. ती आत्या आमच्याकडं आली आणि कुजबुजायला लागली. भाजीत तिखट जास्त झालं, "चालंल की." खाट कुईकुई करते, "असू दे." आई तिला पहिली भाकरी वाढायची, पाण्याचा तांब्या हातात द्यायची, तिनं केरसुणी धरली की काढून घ्यायची. पाहुण्या बाईचं जेवढं करावं तेवढं आई करत होती, आणि आत्या पाहुणीसारखी मांडीवर हात ठेवून बाहेरच्या खोलीत, सोप्यात, बसत होती. तिच्या मालकीचं असं घरात काम एकच, कोंबड्यांचं. त्यांना दाणे टाकताना तेवढा तिचा जुना आवाज निघायचा.

आणि ती रोज जायची भाषा करायची. आधी, "पाणी उतरलं की जाते." पाणी उतरलं. मग, "गौरी-गणपती झालं की जाते." मग, "दसरा झाला की." जायचं कुठं, हा प्रश्न होता. तिकडं एक भिंत पडलेली, दुसरी फुगलेली, आणि उरलेल्या जागेत दिरानं कडबा भरलेला. हे अण्णांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. ते रोज सकाळी तिच्यासमोर उभे राहायचे, तोंड उघडायचे आणि म्हणायचे, "च्या घेतलीस?"

आमच्या अण्णांना "ऱ्हा" एवढं म्हणता येईना. फौंड्रीत शंभर माणसांना आवाज देणारा माणूस, बहिणीपुढं घसा बसायचा. "तू हितंच ऱ्हा" म्हणायचं म्हणजे तुझं घर संपलं, असं तिच्या तोंडावर म्हणायचं. आणि तिनं "मी राहते" म्हणायचं म्हणजे म्हातारपणी भावाच्या दारात हात पसरायचा. दोघंही तसली. मला त्या वेळी दोघांचा राग यायचा. एकाच ताटात जेवून वाढलेली ही बहीणभावंडं चहाच्या पलीकडं बोलत नव्हती आणि मी इकडं गॅसच्या टाकीशेजारी झोपत होते.

दसऱ्यानंतर एके सकाळी अण्णांनी सैपाकघरात आईला आपली युक्ती सांगितली. "आक्काच्या कोंबड्यास्नी परड्यात पक्कं घर बांधूया. कोंबड्या रमल्या की आक्का कुठं जातीया?"

आई म्हणाली, "आधी माणसांचं बघा की. पत्रा गळालाय वर."

"पत्र्याचं बघू पुढं."

अण्णांच्या मनात चार फळ्या आणि जाळी एवढंच होतं. पण त्यांनी ते तालमीत बोलून दाखवलं आणि तिथं चूक झाली. तालमीतले त्यांचे दोन जिवलग, एक गवंडी आणि एक वेल्डर. दुसऱ्या दिवशी गवंडीकाका ओळंबा, दोरी आणि चुन्याची फक्की घेऊन दारात. फळ्यांचं नाव काढल्यावर त्यांना अपमान वाटला. "फळ्या? मी हुबा असताना? मुंगूस येतंय, मांजर येतंय, उद्या परत पूर आला तर? मी संडाससुद्धा आरसीसीत बांधलाय, आन तुझ्या भनीच्या कोंबड्या फळ्यांत ठिऊ?"

मजुरीचा विषय काढल्यावर ते आणखी भडकले. दोस्ताकडून मजुरी घेत नाहीत. पण दोस्ताच्या घरी काम केलं तर जेवल्याशिवायही जात नाहीत, आणि कोल्हापुरात बांधकामावरचं जेवण म्हणजे वरण-भात नव्हे. हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

पेरूच्या पलीकडं फक्की मारली, सहा बाय चारची. अण्णा आणि गवंडीकाकांनी पाया खणला. मागच्या घरातल्या बाईनं भिंतीवरून डोकं काढून विचारलं, "संडास बांधालाय काय वो?" आईनं सांगितलं, कोंबड्यांचं खुराडं. त्या बाईनं एकदा पायाकडं आणि एकदा आमच्या पत्र्याकडं बघितलं आणि डोकं खाली घेतलं. मग गवंडीकाकांनी नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं, हात झाडले आणि म्हणाले, "कोंबडं कुठाय?"

"कशाला?" अण्णांनी विचारलं.

"कशाला म्हंजे? पाया हाय. राखणीचं द्यायला नगो?"

पायाला कोंबडं देतात, ही रीत आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. फौंड्रीत नवी भट्टी पेटवायची तरी देतात. अण्णांनी स्वतः कितीदा दिलेलं. तरी ते चाचरले. "आरं पर हे कोंबड्यांचंच घर हाय न्हवं?"

"मग? रीत घराला हाय. आत कोण ऱ्हाणार ते इचारायची न्हाई."

ह्यावर काय म्हणावं ते मला आजवर सुचलेलं नाही. दोघं तसेच पायाच्या खड्ड्यात उभे असताना आत्या सोप्यातून उठली, न्हाणीत गेली आणि कोंबडा काखेत धरून घेऊन आली. हळू आवाजात म्हणाली, "घ्या की. देवाधर्माचं हाय." आणि परत जाऊन बसली.

त्या दुपारी तांबडा-पांढरा झाला. गवंडीकाका ओरपत होते आणि पायाच्या मजबुतीबद्दल बोलत होते. आत्यानं रस्स्यात भाकरी कुस्करून खाल्ली, फोडी ताटाच्या कडेला सारल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे कोण आरवलं नाही. कितीतरी महिन्यांनी मला पुरती झोप मिळायला हवी होती, आणि मी जागीच पडून राहिले.

भिंती उभ्या राहिल्या, विटेच्या, आतून-बाहेरून गिलावा. मग स्लॅब. स्लॅबच्या दिवशी आमच्याकडं माणसं बोलवावी लागत नाहीत. कुणाच्या घरी स्लॅब आहे हे कळलं की हात लावायला चार जण येतातच, ते चांगलंच आहे, घराचा स्लॅब मधे थांबवता येत नाही. पण हा स्लॅब सहा बाय चारचा होता. तालमीतले नऊ जण आले. वेल्डरकाका सळ्या बांधायला आले होते, ते अर्ध्या तासात मोकळे झाले. घमेली एका हातातून दुसऱ्या हातात द्यायला रांग लावली, तर पहिला आणि शेवटचा माणूस एकमेकांच्या पायावर पाय देत होते. स्लॅब चहाच्या आधी पडला. आणि मग सगळे जण हातपाय धुऊन सावलीला बसले आणि सैपाकघराकडं बघायला लागले.

बाजारातून आणता आलं असतं, असं कुणाला वाटेल. पण दारात गावठी असताना अण्णांनी स्लॅबच्या जेवणाला दुकानातलं ब्रॉयलर घातलं असतं तर त्यांना तालमीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. ते न्हाणीच्या दारापाशी घुटमळायला लागले. आत्यानं त्यांना बोलूच दिलं नाही. दोन कोंबड्या उचलून त्यांच्या हातात दिल्या. "माझ्या कोंबड्यांसाठनंच राबालीत न्हवं माणसं? घे."

एवढ्या माणसांना दोन कोंबड्या. आई पातेल्यात पाणी ओतत गेली आणि प्रत्येक तांब्यागणिक तिचा आवाज चढत गेला. "ह्यो रस्सा न्हवं, पंचगंगा झाली! खुराड्याला स्लॅब आन माणसास्नी पाणी!" बाहेर नऊ जण ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. आत्या कोपऱ्यात बसून लसूण सोलते म्हणाली, तर आईनं तिच्या हातातून लसूण काढून घेतला. "तुमी बसा वन्सं, तुमी कशाला." त्या गडबडीतही पाहुण्या बाईला काम सांगायचं नाही, हे आई विसरली नाही. आत्याला ते आवडतंय असं आईला वाटत होतं. मला तिचा चेहरा दिसत होता, मला तसं वाटलं नाही.

मग स्लॅबला पाणी मारायचं काम निघालं. ते साहजिकच माझ्यावर आलं. कॉलेजला जायच्या आधी आणि आल्यावर मी कोंबड्यांच्या घराच्या स्लॅबवर बादल्या ओतायचे, आणि गल्लीतून जाणाऱ्या मैत्रिणींना, बाग लावलीय, असं सांगायचे.

ह्याच दिवसांत आत्याचा दीर आला. कुरुंदवाडची वांगी पिशवीभर, आणि बरोबर बातमी, की पडलेली भिंत उभी केलीय. "सोमवारी आपला टेम्पो हिकडं येणार हाय माल घिऊन. जाताना वैनीस्नी घिऊन जातो."

अण्णांनी विचारलं, "आन कडबा?"

"निम्म्या खोलीत हाय तेवढा. काढू की हळूहळू."

सगळ्यांनी आत्याकडं बघितलं. आत्या म्हणाली, "चालंल की." मग ती उठली, न्हाणीकडं गेली, आणि जाताना अण्णांना म्हणाली, "पावणं आल्यात, जेवाण नीट झालं पायजे." सोयऱ्याला वांग्याची भाजी घालून पाठवणं अण्णांच्यानं झालं नसतं, हे तिला माहीत होतं. म्हणजे तिला न्यायला आलेल्या माणसाला तिनं आपली कोंबडी कापून घातली. दीर चांगला जेवला. वाईट माणूस नव्हता तो, त्याला खरंच वाटत होतं की निम्म्या खोलीत एक बाई मावते. तो गेल्यावर आईनं पातेलं इतक्या जोरात आपटलं की त्याला पडलेला पोचा कधी निघाला नाही.

एक कोंबडी उरली.

अण्णा त्या आठवड्यात कुणाशी धड बोलले नाहीत. फक्त खुराड्याचं दार सोमवारच्या आत बसलं पाहिजे, हा घोशा त्यांनी वेल्डरकाकांच्या मागं लावला. दार बसल्यावर काय होणार होतं हे त्यांना विचारायची सोय नव्हती. माझा अंदाज असा, की पुरं झालेलं खुराडं दाखवलं की बहीण आपण होऊन काहीतरी बोलेल, अशी त्यांना आशा होती. आपल्याला बोलावं लागणार नाही, एवढाच त्यांचा हेतू. मोठ्या माणसांची मला त्या वेळी कीव यायची आणि अजूनही येते.

रविवारी सकाळी दार आलं. अँगलची चौकट, बोटाएवढ्या जाड सळ्या, फौंड्रीतल्या लेथवर काढलेल्या बिजागऱ्या आणि कडी-कोयंड्याला कुलूप. ते दार दोघांनी मिळून उचलून आणलं. बसवल्यावर वेल्डरकाकांनी धरून हलवून दाखवलं, हललं नाही. आईनं उघडून बघितलं, उघडलं नाही. "मुंगसाचा बाप आला तरी घुसायचा न्हाई," वेल्डरकाका म्हणाले. आई म्हणाली, "कोंबडीचा बापबी न्हाई."

झालं. पाया, भिंती, स्लॅब, दार. दोघं दोस्त पेरूखाली बसले. वेल्डरकाका जरा दुखावल्या आवाजात म्हणाले, "पायाचं झालं. स्लॅबचं झालं. दाराचं काय?"

म्हणणं बरोबर होतं. गवंड्याच्या कामाला कोंबडा, स्लॅबला दोन कोंबड्या, आणि वेल्डरनं आठ दिवस मरमर करून केलेल्या दाराला नुसता चहा? अण्णांनी डोकं खाजवलं. एकीकडं दोस्त, दुसरीकडं एकच कोंबडी.

आई सैपाकघराच्या दारातून म्हणाली, "तीबी कापा. आन मग खुराड्यात कोण ठेवायचं? सिमेंटाची उरल्याली पोती?"

"नव्या आणू की वैनी," वेल्डरकाका म्हणाले, "कोंबड्यास्नी काय तोटा हाय? घर झालं हे म्हत्त्वाचं."

आत्या सोप्यात बसली होती. तिचं बोचकं सकाळीच बांधून खाटेवर ठेवलेलं मी बघितलं होतं. अण्णांनी तिच्याकडं बघितलं. ह्या वेळी ती "घे" म्हणाली नाही, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. अण्णा पाय ओढत न्हाणीत गेले आणि डालगं उचललं. खाली काही नव्हतं. अंघोळीच्या वेळी डालगं आत-बाहेर करायचं काम आत्यानं आठवडाभर दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं.

"आरं, कोंबडी कुठं गेली?"

शोधाशोध सुरू झाली. परडं बघितलं, पेरूवर बघितलं, गवंडीकाकांनी वाकून खुराड्यातसुद्धा बघितलं, जणू ती आपण होऊन राहायला गेली असेल. आणि मग आतून, माझ्या अर्ध्या खोलीतून, बारीक गुरगुरल्यासारखा आवाज आला. अण्णा आत गेले. मी मागून. आवाज खाटेखालून येत होता. अण्णा पोटावर झोपून खाटेखाली सरपटले, कंबरेपर्यंत आत गेले, आणि एकदम, "अगंगंगं!" तिनं चोच मारली होती.

तेवढ्यात माझ्या मागं जो आवाज झाला त्यानं मी दचकून भिंतीला टेकले. घाटावर ऐकू जाणारा तो आवाज.

"आरं ए! हात लावशील तर बघ! तंगडं मोडून ठेवीन तुझं!"

आत्या दारात उभी होती, लुगड्याचा बोंगा हातात धरून. खिडकीतून दिसलं, परड्यातले दोघं उठून उभे राहिले. मागच्या घरातल्या बाईचं डोकं भिंतीवर आलं. आई पिठाच्या हातानं धावत आली.

"खुडूक बसलीया ती! अंड्यावर हाय! बसल्याली कोंबडी उठवतोस, लाज न्हाई वाटत?"

मी वाकून बघितलं. माझ्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांचं खोकं होतं. पुस्तकं काढून भिंतीशी नीट रचून ठेवलेली, आणि खोक्यात भुसा, भुशावर पिसं फुगवून बसलेली कोंबडी, रागानं अण्णांकडं बघत. अण्णांचे फक्त पाय बाहेर दिसत होते. खाटेखालून त्यांचा आवाज आला.

"कवा बसवलीस?"

"झालं आठ दिस."

"आगं पर कोंबडा तर पायात गेला. अंडी फळायची कशी?"

"ह्या मागच्या बाईकडनं बदलून आणल्यात. तिच्यात कोंबडा हाय. तुझ्या एका कोंबड्यावाचून जग थांबलंय व्हय?"

भिंतीवरच्या डोक्यानं मान डोलावली.

कोंबडीला अंड्यांवर बसवलं की पिल्लं निघायला तीन आठवडे लागतात, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. त्यातला एकच आठवडा झाला होता. चार दिवसांपूर्वी दिराला "चालंल" म्हणाली तेव्हा तिच्या खाटेखाली अंडी होती. आज सकाळी बोचकं बांधलं तेही ह्याच खाटेवर, अंड्यांच्या बरोबर वर. ज्या बाईला जायचंय ती अंडी बसवत नाही. तिचं तिलाच ठरत नसावं, म्हणून ते तिनं कोंबडीवर सोपवलं होतं. आईला हे आमच्यापेक्षा आधी कळलं, कारण तिनं पिठाचा हात तोंडावर ठेवला आणि तोंड पांढरं करून घेतलं.

"आक्का," अण्णा खाटेखालून म्हणाले, "उद्या सोमवार हाय."

"मग? सोमवार काय पयल्यांदा आलाय?"

"टेम्पो येणार हाय."

"यिल आन जाईल. पिल्ली काय तू बघणार हाईस?"

अण्णा बाहेर यायला हवे होते. आले नाहीत. त्यांचे पाय तसेच पडून राहिले आणि मधूनच थरथरत होते. ते रडत होते. कोंबडीनं एवढ्या जवळून कुणा माणसाला रडताना बघितलं नसावं, तीही गप्प झाली. आत्याला ते दिसत होतं. ती एवढंच म्हणाली, "तिला वारा लागू दे, सर तकडं," आणि तरातरा परड्यात गेली.

आवाज एकदा सुटला होता, तो आता आवरेना. खुराड्याभोवती तिनं एक फेरी मारली, दाराच्या सळ्यांतून आत डोकावली आणि गवंडीकाकांकडं वळली. "वारं कुठनं यायचं हो ह्यात? तीन बाजू बंद! कोंबड्या ठेवायच्यात का लोणचं घालायचंय? आन ह्यो कोबा केलाय घोटीव, कोंबडीचा पाय टिकंल व्हय ह्यावर? आन दार? दार उघडायला काय रोज तालीम बोलवायची?" इतके दिवस तिच्या समोर हे सगळं उभं राहिलं होतं आणि तिनं एका शब्दानं काही म्हटलं नव्हतं. गवंडीकाका, ज्यांना आयुष्यात कुणी उलट बोललेलं नव्हतं, त्यांनी "व्हय आक्का, व्हय आक्का" करत छिन्नी-हातोडा घेतला आणि आपल्याच गिलाव्याला भोकं पाडायला सुरुवात केली. वेल्डरकाका दाराच्या बिजागरीत तेल सोडायला बसले. दाराच्या जेवणाचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

अण्णा बाहेर आले तेव्हा केसांत जळमटं होती आणि डोळे लाल होते. ते गवंडीकाकांच्या शेजारी बसून विटेचा चुरा गोळा करायला लागले.

आईनं गॅसवर पिठलं टाकलं. बांधकामावरच्या माणसांना पिठलं-भाकरी घालायची ही आमच्या घरातली पहिलीच वेळ, आणि आईला त्याचं काही वाटत नव्हतं. ती दारात आली, आत्याकडं बघितलं आणि ज्या सुरात माझ्यावर ओरडायची त्याच सुरात म्हणाली, "वन्सं, झालं आसंल वरडून तर आत या! एवढ्या जणांच्या भाकरी मी एकटीनंच बडवायच्या व्हय? बसून किती खायाचं माणसानं!"

आत्यानं लुगड्याला हात पुसले आणि आत गेली. मग, "आगं ह्ये पीठ हाय का रेती? कुठल्या गिरणीतनं आणतीस?" आणि आईचं, "नसंल चालत तर सोत्ता जावा की गिरणीत!" आणि आत्याचं, "जाईन की! उद्यापासनं मीच जाणार हाय!" मग भाकरी थापायचे आवाज, दोन्ही परातींतून, आणि त्यावर दोघींचे.

वेल्डरकाकांनी तेलाची बुधली खाली ठेवली, सैपाकघराकडं कान दिला आणि काळजीनं अण्णांना विचारलं, "काय रं, आत भांडणं लागली काय?"

अण्णांनी विटेचा चुरा घमेल्यात टाकला.

"व्हय," ते म्हणाले. "लागली एकदाची."